झोळीतला हात

"तीन आठवडे हात झोळीत? कुणी सांगितलं तुम्हाला?" मी चढ्या आवाजातच विचारलं.

उत्तर मल्लिनाथांच्या बायकोने, सुनंदाताईंनी दिलं. "मीच बांधला. आत रक्त घातलंय. हालवलं तर सांडंल की!"

मी सोलापुरात फिजिओथेरपिस्ट आहे. मल्लिनाथ नवी पेठेत साड्यांच्या दुकानात सेल्समन. वय बावन्न, शुगर जुनी. उजवा खांदा फ्रोझन झालेला, म्हणजे सांध्याभोवतीचं आवरण आक्रसून हात वर जाणंच बंद. माझ्याकडे व्यायाम चालू असतानाच ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी त्यांना पीआरपी दिलं. त्यात पेशंटचंच रक्त काढून मशिनमध्ये गरगर फिरवतात, प्लेटलेट्सचा पिवळसर भाग वेगळा काढतात आणि तो सांध्यात टोचतात. दुखणं कमी होऊ शकतं. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, आणि व्यायाम तर कुणालाच चुकत नाही.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, दोन दिवस आराम, मग फिजिओ. यांनी आराम तेवढा लक्षात ठेवला. दुखणं कमी झालं होतं, पण हात आधीपेक्षाही आखडला होता. मला राग आला, त्यांचा आणि माझाही. पेशंट यायचा बंद झाला तेव्हा मी एक फोन करायला हवा होता. केला नाही.

"मॅडम, लग्नसराईच्या आत काउंटरवर उभा राहिलो न्हाय, तर शेठ दारात बसवणार. 'या, बसा' म्हणायला. पंचवीस वर्षं साड्या दाखवल्यात मी." बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले.

"दोन महिने आहेत. रडायचं ते व्यायाम करताना रडा," मी म्हटलं.

आठवड्यातून तीनदा क्लिनिक ठरलं. पण तेवढ्याने भागणार नव्हतं, म्हणून मी दुकानात गेले. भिंतभर साड्यांच्या फळ्या. मी शेठना म्हटलं, "दुपारी यांना पंधरा मिनिटं फळ्यांसमोर उभं राहू द्या. बोटांनी एकेक फळी चढत हात वर न्यायचा."

"आन् गिऱ्हाईक आलं तर?"

"बघेल गिऱ्हाईक. तुमचं काय जातंय?"

शेठ हसले, पण कबूल झाले.

पहिल्या आठवड्यात हात तिसऱ्या फळीवर अडला. महिन्याने पाचवीला लागला. मध्ये चार दिवस काहीच हललं नाही, तेव्हा त्यांनी सोडून द्यायची भाषा केली. सुनंदाताई दुपारचा डबा घेऊन यायच्या. त्यांना मी सगळं नीट समजावलं होतं. त्या समोर उभ्या राहून म्हणायच्या, "आजून एक बोट वर. त्याशिवाय डबा न्हाय."

लग्नसराई सुरू झाली तेव्हा मल्लिनाथ काउंटरवर होते. सगळ्यात वरच्या फळीला अजून स्टूल लागतं. बाकी साड्या हाताने काढतात.

नवी पेठेत बोलबाला झाला तो इंजेक्शनचा. तिथले दोन दुकानदार 'तेच रक्ताचं द्या' म्हणत माझ्याकडे आले. मी वाद न घालता त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. आता पीआरपीनंतर तिसऱ्या दिवशी मी स्वतः फोन करते, आणि पेशंटने उचलला की म्हणते, "घरच्यांना द्या." हात बांधायचा की हलवायचा, ते तिथे ठरतं.