मृण्मयीला प्रेमाची, मला प्रेरणेची

"तुला कशाला गं प्रेमाची कादंबरी? तुमच्याकडे ते न वाचताच होतं."

बाई असं म्हणाल्या आणि अख्खा दिवाणखाना हसला. वर्गातल्या मुली हसल्या, त्यांना सोडायला आलेल्या आया हसल्या. बाई रागाने म्हणाल्या नव्हत्या. लाडाने म्हणाल्या. वर माझ्या पाठीवरून हात फिरवला.

मी पंधरा वर्षांची होते. नुकतीच नववीची परीक्षा संपली होती. आम्ही राहायचो घोडपदेवला, चाळीत. आई फणसवाडीत बाईंकडे स्वयंपाकाला जायची. बाई कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. सुट्टीत दर शनिवारी वाडीतल्या मुलींचा वाचनवर्ग घ्यायच्या. त्यांनीच आईला सांगितलं, "तुझ्या मुलीलाही पाठव. वाचू दे तिला." आईने ते सगळ्या चाळीला सांगितलं. तिला वाटलं, माझं नशीब उघडलं. मलाही तसंच वाटलं.

त्या वर्गाची एक रीत होती. शेवटी बाई पुस्तकं वाटायच्या. एकेकीला नाव घेऊन पुढे बोलवायचं, पुस्तक द्यायचं आणि तिला हेच का, ते सगळ्यांसमोर सांगायचं. आम्ही दोन्ही हात पुढे करून घ्यायचो, प्रसाद घ्यावा तसं. त्या दिवशी मृण्मयीला प्रेमाची कादंबरी मिळाली. "या वयात प्रेमकथा वाचायलाच हव्यात. मन मोठं होतं. पुढे माणूस ओळखता येतो." दुसरीला रहस्यकथा, कारण तिचं डोकं तल्लख. एकीला विनोदी, कारण ती फार गंभीर.

मला मिळालं धुणीभांडी करत शिकून मोठी अधिकारी झालेल्या मुलीचं पुस्तक. मागच्या वेळीही तसलंच. त्यातली मुलगी नर्स झाली होती. मी पुस्तक घेतलं आणि फक्त एवढं विचारलं, "मृण्मयीचं वाचून झालं की मला ती द्याल?"

त्यावर ते वाक्य. ते हसणं.

बाई हसल्या याचं एवढं काही नाही. पण स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. मुलींसाठी थालीपिठं लावता लावता बाहेर आली होती, हाताला पीठ. तिने ऐकलं. आणि तीही हसली.

घरची मालकीण हसली की कामवालीने हसायचं असतं, तसं हसली. तोंड हसत होतं. माझ्याकडे मात्र तिने पाहिलं नाही.

बसस्टॉपवर मी तिला विचारलं, "तू का हसलीस?"

"मगे काय रडतलंय? त्यांच्या घरात उभी होतंय मी." मग जरा वेळाने, "आपल्याक काय करूचा हा प्रेमाचा? तू शीक गो."

बस आली. आईने मला खिडकी दिली. बरीच पुढे गेल्यावर हळूच म्हणाली, "काय असता गो त्या पुस्तकात?"

"मला काय माहीत? मला दिलंय कुठे?"

माझ्या आईशी कधी कोणी प्रेमाचा शब्द बोललं नसेल. बाबा तिला नावानेसुद्धा हाक मारत नसत. "ए, ऐकलं का" हेच तिचं नाव.

पुढच्या शनिवारी बाईंनी मला पुढे बोलावलं. "हे तुझ्यासाठी मुद्दाम शोधून आणलंय." मुखपृष्ठावर एक मुलगी. डोक्यावर हंडा, काखेत पाटी.

मी हात पुढे केले नाहीत. "नको, बाई."

"का गं?"

"या पुस्तकांतल्या मुलींना कधीच कोणी आवडत नाही."

"त्यांना तेवढा वेळ नसतो. ध्येय असतं त्यांच्यापुढे."

"मला वेळ आहे."

या वेळी कोणी हसलं नाही. बाईंचा आवाज बदलला. "हे बघ, मी तुझ्या भल्यासाठीच निवडते. मृण्मयी वाचेल आणि विसरेल. तू वाहवत जाशील."

तिथे माझे डोळे उघडले. लख्ख उघडले. तेच पुस्तक, तेच वय, तेच प्रेम. त्यांच्या मुलींना ते वाचून शहाणपण येणार आणि आम्हाला त्याची लागण होणार. त्यांचं मन मोठं होणार, आमचं पोट. बाईंच्या मनात माझ्यासाठी एवढीच गोष्ट होती, आणि ती त्यांनी मला बघायच्या आधीच लिहून ठेवली होती. मी कष्ट करायचे, शिकायचं, मोठं व्हायचं, आणि या सगळ्यात मला मन म्हणून काही असायचं नाही.

मी चपला घातल्या आणि जिना उतरले. स्वयंपाकघरातून आई बाहेर आली नाही.

बाईंनी तिला काढलं नाही. "तू ये. तिला आणू नकोस," एवढंच सांगितलं. आई जात राहिली. दुसरं काय करणार होती? मला ती ओरडली नाही. फक्त एकदा नळावर शेजारणीला सांगत होती, "माझा चेडू बाईंका नको म्हणाला." चेडू म्हणजे पोरगी, म्हणजे मी. रागाने म्हणाली की अभिमानाने, मला कळलं नाही. विचारायचं राहिलं. मी कॉलेजात असताना ती गेली, परळच्या इस्पितळात.

बाई चाळीत भेटायला आल्या. खुर्ची दिली, बसल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "फार साधी होती. एवढ्या वर्षांत कधी काही मागितलं नाही तिने."

जमलेल्या बायकांनी माना डोलावल्या. कौतुक होतं ते. माझ्या आईच्या अख्ख्या आयुष्याचं कौतुक, की तिने मागितलं नाही. मला वाटलं, ओरडावं. पण घरात सुतक होतं, मी पाणी आणून दिलं.

मृण्मयीला दिलेली ती कादंबरी मला पुढे दादरच्या एका वाचनालयात मिळाली. साधीच होती. एका ठिकाणी नायिकेला ताप येतो आणि तो तिच्यासाठी चहा करतो. साखर जास्त पडते. ती काही न बोलता पिते. त्या पानावर मी हमसून हमसून रडले. आई, एवढंच असतं गं त्यात. एवढंच होतं आणि तेही तुला मिळू दिलं नाही. ना घरात, ना पुस्तकात.

आता मी परळला एका ऑफिसात नोकरी करते. रविवारी आमच्या चाळीतल्या मंडळाच्या खोलीत मुलींना पुस्तकं देते. मंडळाचे एक काका म्हणाले, "स्पर्धा परीक्षेची ठेव. उपयोगाची." ठेवलीत. पण मुली येतात, इकडेतिकडे बघतात आणि आवाज खाली करून विचारतात, "ताई, प्रेमाची आहे का?" मी खणखणीत आवाजात सांगते, "आहे. भरपूर आहेत. रडायचंय की हसायचंय?" भुताच्या आहेत, खुनाच्या आहेत, घरातून पळून समुद्रावर गेलेल्या पोरींच्याही आहेत. कोणती कोणाला शोभते, ते आमच्या खोलीत कोणी ठरवत नाही.

गेल्या महिन्यात बाईंचा फोन आला. थकल्यात आता. "तुझं काम कानावर आलं. बरं वाटलं. मुलींसाठी दोन पिशव्या भरून ठेवते. चांगली पुस्तकं, निवडून."

मी म्हटलं, "निवडू नका, बाई. मी मुलींना घेऊन येते. तुम्ही कपाट उघडा. हवं ते त्या काढतील."

त्या म्हणाल्या, "अगं, सगळंच कसं देता येईल? बघते."

परत फोन आला नाही. काका म्हणतात, फुकट मिळत होतं, घ्यायचं. एवढा ताठा बरा नव्हे.

असू दे ताठा. बाई कपाट उघडणार असतील तर आमच्या मुली उद्या येतील. पिशव्या भरून ठेवल्या असतील, तर त्या तिथेच राहू देत.