पांढऱ्या पायाचा लीनो

लीनो रापोझोच्या पायांत काही खोट नव्हती. फॉल रिव्हर गावात एवढा स्वच्छ पास देणारा फुटबॉलचा मिडफिल्डर दुसरा झाला नाही, हे त्याचे हितशत्रूही कबूल करत. खोट होती ती पायगुणात. लीनोने करार केला की क्लब बुडाला, असा गावाचा सरळ हिशोब होता.

कॉलेज संपवून तो आधी ओहायोला गेला. वर्षभरात तिथल्या मालकाचं दिवाळं निघालं आणि मैदानावर गाद्यांचं दुकान उभं राहिलं. मग कॅरोलायना. तिथे ऐन हंगामात संघाची बस बँकेने ओढून नेली, ती लीनोच्या बुटांसकट. न्यू मेक्सिकोत तर तो पोचेपर्यंत क्लबच शिल्लक नव्हता. विमानतळावर घ्यायला आलेल्या माणसानेच त्याला परतीच्या विमानात बसवून दिलं. अमेरिकेत फुटबॉलचे छोटे क्लब कुत्र्याच्या छत्र्यांसारखे उगवतात आणि तसेच जातात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण दोष द्यायला लीनो सोपा पडायचा.

तेहतिसाव्या वर्षी गुडघे कुरकुरायला लागले आणि नेमका तेव्हाच फॉल रिव्हरमध्ये क्लब निघाला. लीनोला आता एकच हवं होतं. आपल्या गावाची हिरवी जर्सी घालून बापासमोर खेळायचं. बापाचा, गिल्बेर्तोचा, जन्म कापडगिरणीत गेला होता. शनिवारची पाळी सोडून परगावी मुलाचा सामना बघायला जाणं त्याला कधी जमलंच नाही.

क्लबची मालकीण ओदेत, बेकरीवाली. सगळं गाव तिला मावशी म्हणायचं. लीनो बेकरीत शिरला तशी ती काउंटरमागे दोन पावलं सरकली.

"तिथूनच बोल."

"मावशी, जर्सी द्या. पगारही नको."

"पगार हवा तर घे बाबा, पण जर्सी मागू नकोस! अख्खी बेकरी पणाला लावलीय मी."

"अहो, ते क्लब माझ्याशिवायही बुडालेच असते."

"असतीलही. पण बुडताना तू होतास ना तिथे?" मग मावशीचे डोळे एकदम लकाकले. "असं कर, न्यू बेडफर्डला जा. त्यांना मिडफिल्डर हवाच आहे."

न्यू बेडफर्ड म्हणजे शेजारचं गाव, म्हणजे सात जन्मांचं वैर. मावशीने तिथल्या तिथे फोन लावून लीनोची अशी तारीफ केली की ऐकताना त्यालाच भरून आलं. वर तिने गरम गोड पाव त्याच्या हातात ठेवला.

"मन लावून खेळ हो. आणि पुष्कळ वर्षं खेळ तिथे!"

लीनोचा संताप संताप झाला, पण पोटात भूक होती. पाव खात खात तो गेला आणि सही करून आला.

जूनमध्ये न्यू बेडफर्डचा संघ फॉल रिव्हरला आला. शत्रूची निळी जर्सी घालून लीनो मैदानात उतरला आणि अख्खं गाव उठून टाळ्या वाजवायला लागलं. त्याने आपल्याच गावावर गोल चढवणारा पास दिला, तरी टाळ्या! "लीनो, जपून रे, पाय सांभाळ!" मावशी बेंबीच्या देठापासून ओरडत होती. त्या टाळ्यांचा अर्थ गिल्बेर्तोला कळत होता. तो प्रेक्षकांत मान खाली घालून बसला होता. लीनोला ते मैदानातून दिसलं आणि जिव्हारी लागलं.

मग गाव न्यू बेडफर्डचा क्लब बुडायची वाट बघत बसलं. तो काही बुडेना. उलट त्यांनी नव्या खुर्च्या बसवल्या. नोव्हेंबरात बुडाला तो फॉल रिव्हरचा.

लीनो मैदानावर गेला तेव्हा मावशी फाटकाला कुलूप लावत होती. बेकरी कशीबशी वाचली होती.

"तू तर तिकडे होतास रे," ती म्हणाली. जणू त्यानेच तिला फसवलं होतं.

"होतो ना. मग हा पायगुण कुणाचा?"

मावशीने नकळत स्वतःच्या पायांकडे पाहिलं. लीनोला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. शेवटी गावचा क्लब गेला होता, आणि त्याला एकदाही न घेता गेला होता.

"आता तरी द्या जर्सी," तो म्हणाला. "बुडायचं ते बुडालं. आता कशाला भिता?"

मावशी खो खो हसायला लागली, आणि हसता हसता एप्रनमध्ये तोंड खुपसून रडली. मग नाक पुसून तिने गाडीतलं जर्सींचं खोकं फोडलं आणि फाटक उघडलं.

दुपारी बेकरीतली सगळी माणसं मैदानात उतरली. गोलात मावशी उभी राहिली. हिरव्या जर्सीतला लीनो एकेकाला चेंडू असा देत होता की न खेळणाऱ्यालाही खेळता यावं. पायऱ्यांवर गिल्बेर्तो एकटाच होता. लीनोने पास दिला की तो उठून ओरडायचा, "माझा मुलगा! तो माझा मुलगा!" ऐकायला आसपास कुणी नव्हतं, तरी ओरडायचा.