गप्प दोर

अंगणात बायको कपडे वाळत घालत होती. दोरीखालून वाकून जायचं सोडून मी माडाला वळसा घातला. एरवी ती म्हणाली असती, "अहो, दोरी आहे ती, फुरसं नाही!" आज काहीच बोलली नाही.

मालवाहू जहाजावरच्या खलाशाची ही खोड घरीही सुटत नाही. जहाज धक्क्याला बांधतात ते मनगटाहून जाड दोरांनी. ताणलेला दोर तुटला की उलटा येतो आणि समोरच्याचे पाय घेऊन जातो. त्यामुळे दोरावर आम्ही कधी विश्वास टाकत नाही. आमचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, प्रत्येक नव्या माणसाला बजावतो, "करकरतो त्या दोराला भिऊ नको रे. तो सांगतोय, मला सैल कर. ताण असून गप्प असेल, त्याच्यापासून लांब उभा राहा."

जहाजावरून बोलावणं आलं की दर वेळी आमच्या घरात महाभारत होतं. ती भांडी आपटते, "जहाजाशीच लग्न करायचं होतंत," म्हणते, माझ्या बॅगेला हात लावत नाही. या वेळी फोन आला, तर नुसतं विचारलं, "कधी निघायचं?" संध्याकाळी बॅग भरून तयार, शर्टांच्या घड्यासुद्धा नीट.

शेजारी म्हणाले, "झाली हो वहिनींना सवय." मीही हसून मान हलवली.

ती अजून चिमटेच लावते आहे. मी माडाशी थबकलोय. लांब उभं राहायला शिकलो. जवळ कसं जायचं, ते सारंगाने कधी सांगितलं नाही.