मामांच्या गजाला तेल

मी एका नामवंत व्हायोलिनवादकाच्या गजाला, म्हणजे ज्या काठीनं व्हायोलिन वाजवतात तिच्या केसांना, खोबरेल तेल लावलं. चांगलं चोळून लावलं. आधीच कबूल करून टाकतो, कारण बुऱ्हाणपुरात हे आता सगळ्यांना ठाऊक आहे आणि तुम्ही ते दुसऱ्या कुणाकडून मीठमसाला लावून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐकलेलं बरं.

हे वादक म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. इतका कानानं जगणारा माणूस पृथ्वीवर दुसरा नसेल. तुम्हाआम्हाला जग दिसतं. मामांना ते ऐकू येतं, आणि बहुतेक वेळा बेसूर ऐकू येतं. लोधीपुऱ्यात आमच्या मागच्या गल्लीत चार पॉवरलूम चालतात. त्यांतला चौथा लय सोडतो म्हणून मामा एकदा थेट कारखान्यात गेले. मालकानं वैतागून मिस्त्री बोलावला, तर खरंच एक नट ढिला निघाला. तेव्हापासून तो मालक मामांना यंत्रातला मोठा जाणकार मानतो. ते काही वाजवतातही, हे त्याला परवापरवापर्यंत माहीत नव्हतं. बसस्टँडवरून येताना ऑटोचा हॉर्न ऐकून मामा म्हणाले, "भैया, थोडा उतरा हुआ है." त्या भल्या माणसानं खाली उतरून तिन्ही चाकांची हवा तपासली.

व्हायोलिन त्यांनी आयुष्यात कधी डिकीत ठेवलं नाही. त्याला वेगळी सीट लागते. खंडव्याच्या बसमध्ये कंडक्टरनं पेटीकडे बघून थट्टेनं विचारलं, "बाबूजी, इस सवारी का फुल काटूँ या हाफ?" मामा गंभीरपणे म्हणाले, "उमर में मुझसे बड़ी है, फुल काटो." बोटांची काळजी तर विचारू नका. कुणाशी हस्तांदोलन नाही, लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडणं नाही, आणि मावाजिलेबी खायची ती दोन चमच्यांनी, कारण तुपाचा हात वाद्याला लागता कामा नये. हे मी पंचवीस वर्षं समोर बसून बघत होतो. तरीही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही, हे पुढे येईलच. सूर जुळवायला ते इतका वेळ घेतात की इंदूरच्या एका मैफलीत जुळवणी संपल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामांनी वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "आता सुरू करू?" पहिली टाळी माझी होती.

खरं म्हणजे मामांना गायचं होतं. लहानपणी त्यांचा गळा गोड होता आणि सात वर्षांनी मोठी असलेली बहीण, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांना मांडीवर ताल धरून भजनं शिकवायची. पंधराव्या वर्षी आवाज फुटला तो पुन्हा जागेवर आलाच नाही. मग गळ्यात नाही तर तारांत शोधू म्हणून त्यांनी व्हायोलिन धरलं, पुण्याला गेले, गुरूंच्या घरचं पाणी भरलं, वीस वर्षं मोठमोठ्या गवयांच्या मागे बसून साथ केली, आणि मग एकदाचे पुढे येऊन बसले. साता समुद्रापलीकडे वाजवून आले. फक्त बुऱ्हाणपुरात कधी वाजवलं नाही. आधी कुणी बोलावलं नाही, आणि बोलावणी यायला लागली तेव्हा मामांची अट आडवी आली. समोर अक्का बसली तरच. अक्का म्हणजे सासूबाई. त्या काही येईनात. रेडिओवर त्यांनी भावाला ऐकलं होतं, पण रेडिओतल्या माणसाचं काही खरं नसतं, असं त्यांचं मत. पुढ्यात बसून ऐकल्याशिवाय चांगलं की वाईट सांगणार नाही म्हणायच्या, आणि घराबाहेर पडायचं तर गुडघे. घरात वाजवायला मामा तयार नसत, अक्काला ऐकवीन तर मैफलीतच म्हणायचे.

यंदा मामांना पंचाहत्तर पूर्ण झाली. खांदा कुरकुरायला लागला, डॉक्टरांनी मैफली बंद करायला सांगितलं. मामांनी कळवलं, एक शेवटची बुऱ्हाणपुरात करतो, अक्काला विचारा. सासूबाईंनी दोन दिवस विचार केला आणि म्हणाल्या, दारात ऑटो लावा. मामा आले. साठ वर्षं ज्या एका माणसाच्या "बरं वाजवतो"साठी ते थांबले होते, तो माणूस संध्याकाळी पाच वाजता पहिल्या रांगेत बसणार होता. दुपारी ते आंघोळीला गेले आणि वाद्यावर लक्ष ठेवायला मला बसवलं.

मी लक्ष ठेवलं. गजाचे केस अगदी रुक्ष दिसत होते, वरून पांढरी भुकटी सांडत होती. मला वाटलं, प्रवासात आबाळ झाली. ती भुकटी म्हणजे राळ, ती तारेला धरते म्हणून तर आवाज निघतो, हे ज्ञान मला नंतर झालं. मामा बाहेर आले, गज तारेवर ठेवला, ओढला. काही नाही. मासा हातातून सुटावा तसा तो सरकला. मामा केसांचा वास घेऊन माझ्याकडे बघत राहिले. मी घाईघाईनं त्यावर टाल्कम पावडर टाकली, त्यानं त्याची कणीक झाली. मामांचा दुसरा गज पुण्याला एका शिष्याकडे. मी स्कूटर काढून बहादरपूरच्या एका शाळेत गेलो, तिथल्या कपाटात व्हायोलिन असल्याचं ऐकलं होतं. होतं. गजाला सात केस शिल्लक होते, बाकीचे किड्यांनी खाल्ले होते.

पाच वाजता मामा तसेच मंचावर बसले. केळीचे व्यापारी, मास्तर मंडळी, तो लूमवाला मालक, सगळे समोर. मामांनी व्हायोलिन मांडीवर आडवं घेतलं, बोटानं तारा छेडल्या आणि त्या फुटक्या आवाजात, बहिणीनं शिकवलेलं एक भजन म्हटलं. वरच्या सुराला आवाज चिरायचा, ते थांबायचे, पुन्हा धरायचे. पहिल्या रांगेत सासूबाईंचा हात मांडीवर ताल धरत होता. मी मान खाली घालून बसलो होतो, पण लाजेनंच, असं नाही म्हणता येणार.

ऑटोत बसताना सासूबाईंनी भावाला सांगितलं, "गळा अजून फुटकाच आहे रे तुझा. वाजवतो कसा, ते काही समजलं नाही." मामा लहान मुलासारखे हसले आणि दुसऱ्या दिवशी गज घेऊन पुण्याला गेले, केस बदलून आणायला. तिथं खांद्यानं त्यांना बिछान्याला खिळवलं. त्याला आता तीन महिने झाले. सासूबाई ब्याऐंशीच्या. रोज एकदा विचारतात, कधी येतो. काल फोन आला, नवे केस बसलेत, खांदा जरा बरा आहे, घरातच बसून वाजवेन, अक्कापुरतं. मी धावत जाऊन सांगितलं.

"त्याला म्हणा, लवकर ये," सासूबाई म्हणाल्या. मग मी वळताच, "अन् जावईबापू, तो येईल त्या दिवशी तुम्ही गावात राहू नका."