आल्तारावरची बाटली

मार्थामावशी गेल्याचं मला तिच्या रिकाम्या जागेवरून कळलं. बाजारात तिची टोपली दिसेना, म्हणून शेजारच्या भाजीवालीला विचारलं. "गेली ना ती. माती पन झाली," ती म्हणाली आणि मेथीची जुडी बांधत राहिली. मी तिथंच उभी राहिले... मला कुणी कळवलंही नव्हतं.

मी एव्हरशाईन सिटीत राहायला आले तेव्हापासून मावशी मला केळी द्यायची. गास गावात तिची छोटी वाडी होती. मी शाळेत शिकवते, एवढ्यावरून तिनं मला आपली वकील करून टाकलं. शेजारच्या जमिनीतून टँकरवाले सारखं पाणी उपसायचे, आणि तिच्या विहिरीचं पाणी मचूळ होत चाललं होतं. केळीची पानं कडेनं करपू लागली होती. तक्रार केल्यावर सरकारी माणसं आली नि तपासणीसाठी बाटलीभर पाणी घेऊन गेली. मावशी बिलंदर. तिनंही त्याच वेळी एक बाटली भरली, बूच घट्ट लावलं आणि घरातल्या आल्तारावर मेरीमातेपाशी ठेवली. "उद्या बोलले पानी गोडं होतं, तं दाखवीन," म्हणाली.

टँकर थांबवायचे तर सरकारी अहवाल हवा, आणि तो मागितला की 'गोपनीय'. आम्ही दोघी कचेरीत गेलो. साहेबांनी मागच्या कुलूपबंद कपाटाकडे बोट करून कुठल्याशा कायद्याचं नाव घेतलं. मावशीनं ते ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "बाई, पानी माज्या बावीचं. मंग माज्यापासून कसली चोरी?" साहेब हसले. त्या हसण्याचा मला अजून संताप येतो.

पुढे माहितीचा अधिकार आला. मी पेढे घेऊन गासला गेले, आता कोण अडवतंय ते बघू म्हटलं. अर्ज केला. उत्तर आलं, चौकशी सुरू असल्याने माहिती देता येत नाही. अपिलातही तेच. चौकशी कधी संपणार, तेही सांगता येत नाही! तोवर केळीची बाग करपून गेली होती आणि मावशी दुसऱ्यांची भाजी आणून विकत होती. "बाई, कायदा नवा आनलात, पन कपाट तेच हाय," एवढंच बोलली.

परवा चर्चमध्ये तिच्या महिन्याच्या मिस्सेची प्रार्थना झाली, मग आम्ही कबरीवर गेलो. घरात नुकतीच आलेली सून पिशवीतून बाटली काढून पाणी शिंपडू लागली... मी ती बाटली ओळखली. आल्तारावर होती, म्हणून त्या पोरीला ते आशीर्वादित पाणी वाटलं. ओरडावं असं वाटलं, पण प्रार्थना चालू होती. मावशीच्या मुलाचं लक्ष गेलं तेव्हा बाटली उपडी झाली होती. त्यानं ती बायकोच्या हातून घेतली आणि बूच लावलं.

घरी आल्यावर त्यानं ती रिकामी बाटली पुन्हा मेरीमातेपाशी ठेवली. "परत भरू काय, बाई?" त्यानं विचारलं. आजचं पाणी भरून काय करणार? त्या दिवसाचं पाणी मावशीच्या मातीत जिरलं. ते खारं होतं की गोडं, ते आता फक्त त्या कपाटाला ठाऊक. आणि चौकशी सुरू आहे.