बाई ‘आपण’ म्हणाल्या

रागावणारी माणसं पैशाला पासरी मिळतात, पण आमच्या मोठ्या बाईंइतकं आदरानं रागावणारं माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरं नसेल. शेवगावातल्या आमच्या मिशनच्या प्राथमिक शाळेच्या त्या मुख्याध्यापिका. मी आधी त्यांचा विद्यार्थी, मग त्यांच्याच हाताखाली मास्तर. राग आला की लोकांची भाषा घसरते, बाईंची वर चढायची. एरवी आम्हाला ‘अरे’, ‘गाढवा’, ‘सोन्या’, पण कुणी नळ उघडा टाकला, रांगेत घुसलं, भिंतीवर थुंकलं, की कमरेवर हात ठेवून शांतपणे म्हणत, “आपण जरा इकडे येता का?” त्या ‘आपण’नं भल्याभल्यांची चड्डी ओली झाली आहे, त्यांत एक मीही. पहिलीतली एक पोरगी एकदा रडत घरी गेली. आईनं विचारलं, “बाईंनी मारलं का गं?” ती हुंदके देत म्हणाली, “न्हाई... आपन म्हनल्या!”

शाळेत कुणीही कुणाला ‘ए’ म्हणायचं नाही, हा बाईंचा कायदा. मुळाक्षरांतल्या एडक्याचा ‘ए’ तेवढा माफ. झाडलोट करणाऱ्या शांताबाईंना फाटकातच प्रत्येकानं “सलाम, शांताबाई” म्हणायचं. उशिरा आलेल्या मास्तरांनीसुद्धा. प्रार्थनेनंतर संविधानाची उद्देशिका व्हायची. ‘आम्ही, भारताचे लोक’ एवढं झालं की बाई हात वर करून विचारायच्या, “आम्ही म्हणजे कोण कोण?” मग पोरं बेंबीच्या देठापासून ओरडायची: शांताबाई, पाद्रीसाहेब, भेळवाले काका, ऊसतोडीला गेलेली दुसरीतली सुमन! यादी संपेपर्यंत माझा गणिताचा तास बोंबलायचा आणि मी मनातल्या मनात चरफडायचो.

आणि मग त्या सव्वीस जानेवारीला संस्थेचे चेअरमन झेंडावंदनाला आले. त्या माणसाचा मला अजून संताप येतो. माइक धरून अर्धा तास ‘आदर हाच खरा दागिना’ यावर बोलले आणि घसा सुकला तशी शांताबाईंकडे बोट करून म्हणाले, “ए बाई, पाणी आण गं!” मोठ्या बाई उठल्या. माइकपाशी जाऊन हात जोडून म्हणाल्या, “साहेब, आपण कृपा करून पुन्हा मागता का? शांताबाई, पाणी देता का, असं म्हणायचं.” ‘आपण’ ऐकताच पहिलीच्या वर्गानं हाताची घडी घालून तोंडावर बोट ठेवलं. साहेबांना मात्र आपला मान राखला जातोय असंच वाटलं. हसत हसत म्हणाले, “शांताबाई, पाणी देता का?” पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. तो कशासाठी होता, हे साहेबांना घरी जाताना कुण्या चहाडखोरानं समजावलं.

आठवड्याच्या आत चौकशी लागली. पाहुण्यांचा अपमान! बाईंनी लेखी माफी मागावी, नाहीतर नोकरीच्या शेवटच्या वर्षी पाथर्डीकडच्या दोन शिक्षकी शाळेत जावं. शांताबाई रडकुंडीला आल्या. “बाई, माझ्यापायी कशाला वाकडेपना घेता? मला कुनीबी ए म्हनलं तरी चालतंय.”

“तुम्हाला चालत असेल, शांताबाई. शाळेला चालत नाही.”

चौकशीला आलेल्यांनी आम्हा मास्तरांना एकेकट्याला आत बोलावून विचारलं, साहेब नक्की काय म्हणाले? सगळ्यांनी एकच सांगितलं, माइक खरखरत होता, नीट ऐकू आलं नाही. मीही तेच सांगितलं. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. लाज नाही वाटली मला? वाटली. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती, हे कारण मी स्वतःला इतक्या वेळा दिलंय की आता ते माझं मलाच किळसवाणं वाटतं.

जायच्या दिवशी बाईंनी सगळ्यांचा निरोप घेतला. शांताबाईंना मिठी मारली. कपाटाच्या किल्ल्या द्यायला माझ्याकडे आल्या. लहानपणापासून मी त्यांचा ‘गाढवा’. तेवढं एकदा म्हणाल्या असत्या, तर मी तिथंच पाय धरले असते. बाईंनी किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, “सर, आपण सांभाळा.”

त्यांची नवी शाळा एस.टी.नं जेमतेम दीड तासावर आहे. मी अजून गेलेलो नाही. उद्देशिका मात्र आता मीच घेतो. पोरं ‘आम्ही’पाशी आपसूक थांबतात आणि यादी सुरू करतात. शांताबाईंच्या पाठोपाठ रोज कुणीतरी मोठ्या बाईंचं नाव घेतं, आणि यादी संपेपर्यंत मी मान खाली घालून उभा राहतो.