बाभळीखालचा आजा

नरसीच्या रस्त्यावर रोज दिसणारा मेंढपाळ त्या दिवशी कळपापासून लांब, बाभळीखाली एकटाच बसला होता. तोंडाला रुमाल, शेजारी वेगळा तांब्या. मी गाडी थांबवली, तर त्यानं लांबूनच हात हलवला.

"जवळ येऊ नका, फ्लू झालाय. शिंकणारी मेंढी आमी बाजूला बांधतो, मग मी काहून कळपात राहू?" डोळे मात्र चमकत होते. "आजा झालो मी! आज ताप उतरला. आता नात घेतो."

"अजून खोकून राहिले तुमी," पलीकडे उभारलेल्या पालाजवळून त्याची बायको ओरडली आणि तिथूनच तिनं तान्ही नात उंच धरली.

तो घोंगडी टाकून धावला, खोकला येताच थांबला आणि आपणहून मागं येऊन बसला.

"नाक माझ्यावर गेलंय," तो म्हणाला.

मला तिथून नुसतं दुपटं दिसत होतं.